गणपतीच्या डोळ्यांचा सिंह

जनार्दन मेस्त्रीला उंट सांगा, घोडा सांगा, ससाणा सांगा, तो कशालाच नाही म्हणत नसे. मस्कतच्या बौशर भागातल्या त्या डेकोरेशनच्या वर्कशॉपमध्ये पस्तीस वर्षांत त्याने जेवढे उंट केले, तेवढे वाळवंटातल्या एखाद्या बदूने पाळले नसतील. ईदला मॉलच्या दारात उभा राहणारा फायबरचा उंट त्याचा, राष्ट्रीय दिनाला चौकात लागणारा भलामोठा खंजीर त्याचा, लग्नाच्या हॉलमधला थर्माकोलचा मोरही त्याचाच. फक्त एक खोड होती. डोळे तो कधी काढत नसे. "काचेचे तयार मिळतात की, मस्त चमकतात," असं म्हणून रूवीच्या एका दुकानातून डबाभर डोळे आणायचा आणि चिकटवून मोकळा व्हायचा. वर्कशॉपचा सुपरवायजर ताबिश लखनौचा, अदबशीर माणूस. तो म्हणे, "जना भाई, आप की मर्ज़ी." कारण कोणी विचारलं नाही, आणि याने सांगितलं नाही.

कारण होतं कुडाळजवळच्या त्याच्या गावात. तिथे मेस्त्रींची गणपतीची शाळा, म्हणजे मूर्ती घडवायचा मांडव, चार पिढ्यांची. माती मळायला घरचे सगळे, रंगाला निम्मी वाडी, पण डोळ्यांची आखणी एकट्या आबांची, म्हणजे जनार्दनच्या वडिलांची. एकविसाव्या वर्षी आबांनी त्याच्या हातात तो बारीक ब्रश दिला आणि याने उत्साहाच्या भरात एका गणपतीला चक्क तिरळा करून ठेवला. आबा ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मूर्ती बाजूला ठेवली, दुसरी केली, आणि पुढच्या वर्षी ब्रश थोरल्या भावाच्या हातात दिला. जनार्दन तीन वर्षं ढग रंगवत बसला, मुकुट रंगवत बसला, उंदीर रंगवत बसला, आणि मस्कतचा व्हिसा आला तसा निघाला.

आता तो एकोणसाठ वर्षांचा झाला होता. मार्चअखेर व्हिसा कॅन्सल करून कायमचं घरी जायचं ठरलं होतं. आणि गेल्या दिवाळीनंतर थोरला भाऊ गेला. शाळेत उरला त्याचा मुलगा कौशिक, वय सव्वीस, हाताने चांगला, पण डोळ्यांपर्यंत कधी न पोचलेला. तो दर शुक्रवारी फोन करायचा. "काका, डोळे कोण आखतलो? तुमी आखतल्यात तर शाळा चालवतंय. नायतर पेणच्या तयार मूर्तींचा बुकिंग करतंय. त्येंका ह्याच म्हयन्यात कळवूक होया." आणि जनार्दन दर शुक्रवारी म्हणायचा, "बगूया रे, इन्शाल्ला." गल्फमध्ये पस्तीस वर्षं राहिलेल्या माणसाला टाळायचं असेल तर या शब्दासारखा आधार नाही. पण फोन ठेवला की स्वतःचा उजवा हात समोर धरून तो बराच वेळ बघत बसायचा. या हाताला जमेल का, एवढाच प्रश्न होता, आणि जमलं नाही तर चार पिढ्यांची शाळा त्याच्या नावावर बंद होणार होती.

अशात जानेवारीत लिन मॅडम आल्या. बौशरमध्ये मोठं चिनी रेस्टॉरंट काढत होत्या. मस्कतमध्ये बारा वर्षं राहिलेली बाई, साइटवरच्या माणसांकडून शिकलेलं हिंदी बिनधास्त बोलायची, आणि सगळ्यांना 'भाई' म्हणायची, ताबिशच्या बायकोलासुद्धा. सोबत तिचे वडील, ब्याऐंशी वर्षांचे, काठीला टेकून उभे. त्यांनी खिशातून कागद काढला. त्यावर रंगवून भिंतीवर लावायच्या प्राण्यांची यादी होती, आणि प्रत्येकापुढे तो काय शुभ आणतो ते लिहिलेलं. लिन मॅडम ते वाचून सांगत गेल्या.

जनार्दन यादीच्या प्रेमात पडला. करकोचा दीर्घायुष्याचा. कासवही दीर्घायुष्याचं, जनार्दन म्हणाला, आमच्याकडे देवळात शिरताना आधी कासवालाच नमस्कार करतात. धबधबा चढून जाणारा मासा. चढला की त्याचा ड्रॅगन होतो, म्हणून परीक्षेला बसणाऱ्या पोराच्या खोलीत तो लावायचा. एक प्राणी तर असा, की अंग हरणाचं, खवले माशाचे, खूर बैलाचे, आणि चालतो तर पायाखालचं गवतसुद्धा मोडत नाही इतका दयाळू. आणि नंतर आलं वटवाघूळ. एक नाही, पाच. पाच वटवाघळं म्हणजे पाच सुखं: आयुष्य, संपत्ती, आरोग्य, सदाचार आणि शांत मरण.

"मॅडम, हमारे गाँव में ये घर में घुसा तो झाडू लेके भगाते हैं," जनार्दन म्हणाला.

लिन मॅडमने वडिलांना ते सांगितलं. म्हातारबाबांनी जनार्दनकडे असं पाहिलं, जसं दारी आलेल्या लक्ष्मीला हाकलणाऱ्याकडे बघावं. मग हसले. त्या दिवसापासून दोघांचं जमलं. एकाला दुसऱ्याची भाषा येत नव्हती, पण म्हातारबाबा रोज सकाळी वर्कशॉपमध्ये येऊन स्टुलावर बसायचे आणि जनार्दनचा हात बघायचे. भिंतीवर लावायच्या फळ्यांवरच्या प्राण्यांचे डोळे एक टिकली ठेवली की होत होते, त्याची जनार्दनला भीती नव्हती. करकोच्याचा डोळा म्हणजे मोहरी.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात खरा घोळ झाला. उद्घाटनाला सिंहाचा नाच करायचा होता. चिनी नववर्ष सतरा तारखेला, घोड्याचं वर्ष लागणार, आणि त्याला लागूनच रमजान. रमजानात ढोल-झांजा वाजवायच्या नाहीत, म्हणून तारीख एक दिवससुद्धा पुढे ढकलता येत नव्हती. त्या नाचासाठी चीनहून सिंहाचं डोकं मागवलं होतं, आणि ते सोहार बंदरात उतरलं ते भिजून, चेपटून, एक कान लोंबत. लिन मॅडम ते खोकं घेऊन थेट वर्कशॉपमध्ये आल्या. डोळ्यांत पाणी होतं.

"भाई, चार दिन में होगा?"

जनार्दनने खोक्यात डोकं घातलं आणि त्याच्या अंगावर काटा आला. बांबूच्या पट्ट्यांचा सांगाडा, वर कागदाचे थर, खळ, अस्तराचा पांढरा हात आणि रंग. हे तर घरचंच काम. शाडूबरोबर कागदाच्या लगद्याचे गणपती मेस्त्रींच्या शाळेत पिढ्यान् पिढ्या होत होते. पस्तीस वर्षं फायबर घासून ज्याच्या नाकपुड्या झिजल्या, त्याच्या नाकात खळीचा वास गेला आणि तो एकदम एकवीस वर्षांचा झाला.

"होगा," तो म्हणाला. "चार नहीं, तीन दिन में होगा."

मोडलेल्या बांबूऐवजी त्याने खजुराच्या झावळ्यांचे दांडे तासून घातले. मैद्याची खळ स्वतः शिजवली. ताबिशने वर्कशॉपमधल्या बाकीच्या कामांना सुट्टी दिली आणि स्वतः कागद फाडत बसला. गुरुवारी दुपारपर्यंत डोकं ताठ उभं राहिलं, लाल, सोनेरी, कपाळावर आरसा, डोक्यावर एक शिंग, हनुवटीला पांढरी दाढी. जबडा दोरीने उघडायचा, पापण्या दोरीने मिटायच्या. सिंह खरा कसा असतो ते ना चीनमधल्या त्याच्या मूळ कारागिराने कधी पाहिलं असेल, ना जनार्दनने. त्यामुळे कोणाचं अडलं नाही.

अडलं डोळ्यांशी. पापण्यांखाली दोन नुसते पांढरे गोळे होते, बुबुळ नाही, काही नाही. जनार्दनने ठरवून टाकलं की ते समुद्राच्या पाण्याने धुऊन गेले. काचेचे डोळे एवढ्या मापाचे मिळत नव्हते, आणि मिळते तरी या खेपेला त्याला ते नको होते.

शुक्रवार. वर्कशॉप बंद, बाहेर ऊन, जुम्म्याची अजान नुकतीच होऊन गेलेली. जनार्दन कुलूप काढून आत शिरला, हात धुतले आणि सिंहासमोर मांडी घालून बसला. सर्वांत बारीक ब्रश घेतला. छाती एवढी धडधडत होती की त्याला स्वतःचंच हसू आलं. बिघडलं तर थिनर आहे, तो स्वतःशी म्हणाला, कोणी बघत नाही, आबाही नाहीत. मग श्वास रोखला आणि वरच्या पापणीची रेघ ओढली, एका दमात, कोपऱ्यापर्यंत. हात हलला नाही. दुसरी रेघ. मग बुबुळ, खाली झुकलेलं, कडेला हलकी तांबूस छटा, मध्ये काळं, आणि काळ्यात पांढरा ठिपका. एक डोळा कोणालाही जमतो. खरी कसोटी दुसऱ्याची, कारण त्याला पहिल्याशी जुळायचं असतं. तिथेच तो अडतीस वर्षांपूर्वी घसरला होता. दुसऱ्या डोळ्यातला पांढरा ठिपका ठेवला, मागे सरकला, आणि पाहिलं. सिंह त्याच्याकडे बघत होता. सरळ, दोन्ही डोळ्यांनी.

जनार्दन मेस्त्री बंद वर्कशॉपमध्ये एकटा मोठ्याने हसला, मग थोडा रडला, मग फोटो काढून गावी बायकोला, प्रेमाला, पाठवला. तिचा फोन मिनिटाभरात आला.

"अवो, ह्यो सिंव मा?"

"होय तर. कसो दिसता?"

"बरो दिसता. पण ह्येचे डोळे आपल्या गणपतीसारके कित्याक दिसतत?"

जनार्दनने पुन्हा पाहिलं. बाई खोटं बोलत नव्हती. लांब, पाणीदार, खाली झुकलेले, मायेने भरलेले. आबांचे डोळे, जसेच्या तसे. करायला गेला गणपती आणि झाला मारुती असं लोक म्हणतात; याने करायला घेतला सिंह आणि झाला गणपती. पण त्या दिवशी त्याला त्याचं काही वाटलं नाही. तो खोलीवर गेला, कोळंबीचं कालवण केलं आणि ताबिशला बोलावून पोटभर खायला घातलं.

शनिवारी सकाळी म्हातारबाबा आले, स्टुलावर बसायला म्हणून वळले आणि तिथेच थांबले. चेहरा पडला. ते भरभर काही बोलले. लिन मॅडमने कपाळाला हात लावला.

"भाई, ये आँख किसने बनाया?"

"मैंने. पानी से धुल गया था ना."

"धुला नहीं था. ख़ाली ही रखते हैं."

मग तिने समजावून सांगितलं. त्यांच्या घराण्याच्या रीतीत सिंहाचे डोळे कोरे ठेवतात. उद्घाटनाच्या दिवशी मानाच्या पाहुण्याने लाल रंगात ब्रश बुडवून डोळ्यांत ठिपका द्यायचा. तेव्हा सिंह जागा होतो, मग नाचतो, वाईटाला पळवतो, घरात बरकत आणतो. इमारतीचे मालक, वयस्कर ओमानी गृहस्थ, खास त्यासाठी येणार होते. आणि इथे जनाभाईंनी शुक्रवारच्या दुपारी, बनियनवर, सिंहाला परस्पर उठवून बसवला होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

"जना भाई, दो मिनट का काम है," ताबिश घाईघाईने म्हणाला. "थिनर मारो, सफ़ेद लगाओ, खलास."

जनार्दन हलला नाही. त्याने थिनरची बाटली मागे सरकवली.

"ताबिश भाई, खुली हुई आँख मिटाते नहीं. हमारे में पाप है."

त्यालाच आश्चर्य वाटलं. पस्तीस वर्षांत त्याने सुपरवायजरला कामावरून नाही म्हटलं नव्हतं. लिन मॅडम वडिलांना घेऊन गेल्या. ताबिशने दिवसभर त्याच्याशी बोलणं टाकलं, आणि संध्याकाळी येऊन एवढंच म्हणाला, "सोमवार तक सोच लो. पार्टी बड़ी है."

रविवारचा अख्खा दिवस थिनरची बाटली आणि पांढरं फडकं घेऊन तो सिंहासमोर बसला. दोनदा फडकं भिजवलं. दोनदा ते डोळ्यापर्यंत नेलं. सिंह त्याच्याकडे इतक्या मायेने बघत होता की तिसऱ्यांदा त्याने फडकं दूर फेकलं. राग आला तो म्हातारबाबांवर नाही, तर स्वतःवर. आयुष्यात एकदा डोळे जमले, ते नको तिथे. कौशिकला काय सांगणार होता तो? जमलं रे, पण पुसायला लागलं? सोमवारी त्याने सिंहाचं डोकं पिकअपमध्ये घातलं आणि स्वतःच रेस्टॉरंटवर घेऊन गेला. जे व्हायचं ते तोंडावर होऊ दे, पाठीमागे नको.

म्हातारबाबा आत पाच वटवाघळांखाली उभे होते. गच्चीवर दोन आचारी नाचाची तालीम करत होते, त्यांचे पाय छतावर धपाधप आपटत होते. जनार्दनने डोकं टेबलावर ठेवलं.

"मॅडम, बाबा को बोलो, मुझसे नहीं होता. मेरे पिताजी गणपती की आँख बनाते थे. मुझसे एक बार बिगड़ी, तो फिर कभी हाथ नहीं लगाने दिया. ये पहली बार बनी है. दूसरा कोई मिटा दे, मैं बाहर जाता हूँ."

लिन मॅडमने सगळं सांगितलं. म्हातारबाबांनी सिंहाकडे उजवीकडून पाहिलं, डावीकडून पाहिलं, काठीने टेबल मागे सरकवायला लावलं, लांबून पाहिलं. मग एकदम काठी भिंतीला टेकवली आणि हळूहळू खाली फरशीवर बसले. लिन मॅडम धावली, त्यांनी तिला हाताने थांबवलं. फरशीवर बसून त्यांनी मान वर केली आणि तिथेच त्यांचे डोळे खिळले. गणपतीचा डोळा उभ्या माणसासाठी आखतच नाहीत, तो पुढ्यात बसलेल्यासाठी असतो. हे त्या म्हातारबाबांना कोणी सांगितलं नव्हतं, पण त्यांना ते सापडलं. मग ते बोलले.

"क्या बोलते हैं?" जनार्दनने विचारलं.

लिन मॅडम हसू दाबत होती. "बोलते हैं, हमारा शेर सबको डराता है. ये तो पूछ रहा है, खाना खाया क्या?"

म्हातारबाबा पुन्हा बोलले, आणि आता ते स्वतःच हसायला लागले, दात नसलेलं, अंग हलवणारं हसू.

"बोलते हैं, होटल के शेर को और क्या पूछना चाहिए? मिटाना नहीं. जाग गया तो जाग गया. मेहमान माथे पे लाल लगाएगा, सींग पे लगाएगा, जीभ पे लगाएगा. आँख को कोई हाथ नहीं लगाएगा." मग ती थांबली. "और एक बात. जिसने आँख खोली, शेर पहले उसको सलाम करता है. आप कल आना. अच्छा कपड़ा पहनके."

जनार्दन पिकअपमध्ये जाऊन बसला तेव्हा त्याला किल्ली सापडेना. किल्ली हातातच होती.

मंगळवारी संध्याकाळी पाच वाजता रेस्टॉरंटच्या दारात ही गर्दी. चिनी, ओमानी, भारतीय, आजूबाजूच्या ऑफिसांतून सुटलेले, शाळेची पोरं आईचा हात ओढत. ताबिश इस्त्रीच्या शेरवानीत, जसं काही त्याचंच लग्न. जनार्दनने पांढरा शर्ट घातला होता, मिशीला नवा रंग लावला होता, आणि फोन छातीशी धरला होता, कारण पलीकडे कुडाळला कौशिक व्हिडिओ कॉलवर होता. आज शेवटचा दिवस, रात्री पेणवाल्याला उत्तर द्यायचं, म्हणून त्याने फोन केलेला, आणि जनार्दनने त्याला फक्त एवढंच सांगितलं, "बोलू नको, बग."

ओमानी मालकांनी लाल ब्रश घेतला. कपाळावर ठिपका, शिंगावर ठिपका, जिभेवर ठिपका. डोळ्यांपाशी त्यांचा हात क्षणभर थांबला, त्यांनी सिंहाच्या डोळ्यांत पाहिलं, मान डोलावली आणि "माशाल्ला" म्हणून ब्रश परत दिला. त्याच क्षणी ढोलावर काठी पडली. झांजा कडाडल्या. जमिनीवर पडलेला सिंह थरथरला, कान हलवले, पापण्या उघडल्या आणि उसळून उभा राहिला. पोरं किंचाळत मागे पळाली आणि लगेच थांबली. एक छोटी मुलगी तर पुढेच आली आणि त्याच्या दाढीला हात लावून बघायला लागली. घाबरायचं कशाला, ते डोळे घाबरवतच नव्हते.

मग म्हातारबाबांनी जनार्दनचं मनगट पकडलं आणि त्याला गर्दीतून ओढत मध्ये आणलं. ढोल एकदम हळू झाला. सिंह पावलं टाकत आला, अगदी जवळ, आणि एवढं मोठं लाल-सोनेरी डोकं जनार्दनच्या पायापर्यंत झुकलं. एकदा. दोनदा. तीनदा. जनार्दनचे हात आपोआप जोडले गेले. पस्तीस वर्षं या शहरात त्याने किती दारं सजवली, किती चौक सजवले, पण काम झालं की शिडी उचलून मागच्या बाजूने निघायचं ही रीत. मध्यभागी तो आजवर कधी उभा राहिला नव्हता. तो हात जोडूनच हसत राहिला, आणि ताबिशने मागून त्याचा खांदा धरला.

ढोल पुन्हा उसळला, सिंह बरकतीसाठी दारावर टांगलेल्या कोबीकडे झेपावला, गर्दी तिकडे धावली. जनार्दन एका खांबामागे गेला आणि फोन समोर धरला. कौशिकचा चेहरा पडदाभर होता.

"काका, सिंव तुमच्या पायाक लागलो?"

"लागलो. डोळे मी आखलंय त्येचे." त्याने डोळे पुसले. "आता आयक. औंदा गणपती किती आसत?"

"एकशेचाळीस."

"पेणवाल्याक सांग, नको म्हणान. मार्च संपता संपता मी येतंय."

पलीकडे कौशिक हसला, मोठ्याने, पोरासारखा. "म्हणजे डोळे तुमी आखतल्यात. सगळे."

"सगळे नाय. पयल्या गणपतीचे तू आखतलंस."

कौशिकचं हसू थांबलं. मागे झांजा वाजत होत्या, त्यामुळे त्याचा आवाज जेमतेम ऐकू आला. "आणि चुकलंय तर?"

"तर दुसऱ्याचे पण तूच," जनार्दन म्हणाला.